सवय न होणारा दणका

सुतळी बॉम्बची वात जो पेटवतो, त्याला दणका केव्हा होणार हे ठाऊक असतं. कानांवर हात ठेवून तो चार पावलं मागे पळालेला असतो. वरच्या मजल्यावर करंज्यांना मुरड घालत बसलेल्या बाईला मात्र त्याची काही कल्पना नसते. येणार हे माहीत असलेल्या आवाजाची धार मेंदू आधीच थोडी बोथट करतो. अवचित आलेल्या आवाजाला तो धोका समजतो. डोळे गच्च मिटतात, खांदे आखडतात, छातीत धडधडतं आणि ‘फटाका होता’ हे कळतं ते त्यानंतर. अर्धशिशी असलेल्या अनेकांची सणाची उरलेली संध्याकाळ आणि पुढचा दिवसही एवढ्याने वाया जातो.

कानाला निसर्गाने एक संरक्षण दिलेलं आहे. मध्यकर्णातला एक इवलासा स्नायू मोठा आवाज आला की आखडतो आणि रिकिबीच्या आकाराचं चिमुकलं हाड आवळून धरतो, त्यामुळे आवाज आत जाताना थोडा अडतो. पण यासाठी सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो, आणि फटाक्याचा बार तेवढा थांबत नाही. आपल्याकडच्या नियमानुसार एकट्या फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत चालतो. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत हे मान्य, पण दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, तेव्हा ७० डेसिबलचा फरक म्हणजे एक कोटी पट. आणि हा फटाका कायद्यात बसणारा!

‘एवढं काय त्यात, होते सवय’ हे वाक्य अर्धशिशीच्या रुग्णाने आयुष्यभर ऐकलेलं असतं. मला राग येतो तो याच वाक्याचा, कारण नेमकं तेच या मेंदूला जमत नाही. डोक्याला इलेक्ट्रोड लावून संशोधकांनी हे तपासलं आहे. एकच आवाज किंवा एकच चमक पुनःपुन्हा दिली की सर्वसाधारण मेंदूचा प्रतिसाद हळूहळू ओसरतो. अर्धशिशीच्या अनेक रुग्णांमध्ये, डोकं दुखत नसतानाही, तो ओसरत नाही. कधी उलट वाढतो. शेजारच्याच्या कानावरून विसाव्या बाराला आवाज घसरून जातो, रुग्णाला मात्र विसावा बारही पहिल्याइतकाच लागतो. यात नाटक नाही, हळवेपणा नाही, मनाचा कच्चेपणा तर नाहीच.

जगात साधारण सातातल्या एकाला अर्धशिशी असते आणि वयात आल्यानंतर बायकांमध्ये ती पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आढळते. चेहऱ्याकडून आणि मेंदूच्या आवरणाकडून संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस चेतते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य स्रवतं आणि ठणका सुरू होतो. या द्रव्याचा माग काढणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. उपचार घेतला नाही तर एक झटका ४ ते ७२ तास चालू शकतो. आवाज आणि उजेड सहन न होणं हे तर निदानाच्या निकषांतच आहे.

माझी आई कपाळाला सुंठीचा लेप लावून, वर फडकं घट्ट आवळून दार लावून पडायची. ‘तिचं डोकं उठलंय’ एवढंच घरात म्हटलं जायचं. आज मागे पाहताना तिची दिवाळी दिसते: रात्री उशिरापर्यंत चकल्या, पहाटे अभ्यंगस्नानासाठी सगळ्यांच्या आधी उठणं, तळणाचा आणि उटण्याचा वास, लक्ष्मीपूजन होईपर्यंत पोटात काही नाही. झोप मोडणं, उपाशी राहणं, पाणी कमी पडणं, उग्र वास, लुकलुकणारे दिवे यांतलं प्रत्येक कारण एकेकटं झटका आणू शकतं. हंडा काठोकाठ भरलेला होता, फटाका फक्त शेवटचा थेंब ठरायचा. सणाची कामं घरात वाटून घेणं हा म्हणूनच औषधाइतका खरा उपचार आहे.

दुसरी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. झटक्याच्या काही तास, कधी दिवसभर आधीच जांभया येतात, मान धरते, गोड खावंसं वाटतं, आणि साधे आवाजही टोचू लागतात. म्हणजे कुकरची शिट्टी असह्य झाली तर झटका तिच्यामुळे आला असंच नाही, तो आधीच निघालेला असू शकतो. चार ओळींची रोजची नोंद ठेवली तर हे उमगतं, आणि त्या दिवशी बाजारात जायचं की घरी थांबायचं हे ठरवता येतं.

कानात कापसाचा बोळा घालून फारसं काही साधत नाही. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात, पण ते नीट घालावे लागतात: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटला की समजावं, बसला. मात्र दिवसभर ते घालून वावरू नये. निरोगी लोकांना दोन आठवडे प्लग घालायला लावले तेव्हा त्यांना आवाज आधीपेक्षा जास्त मोठे वाटू लागले. कमी ऐकू येतंय म्हणून मेंदू स्वतःच आवाज वाढवून घेतो. मिरवणूक किंवा फटाक्यांची वेळ एवढ्यापुरतेच ते वापरावेत.

झटका सुरू झालाच तर अंधारी खोली, थंड घडी, थोडं पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी लगेच. ‘बघू, थांबेल’ म्हणत दोन तास काढले की तिचा उपयोग कमी होतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. तिथे रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांचा विचार होतो. आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी मिनिटाभरात शिगेला पोचली, किंवा सोबत ताप, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं असं काही असलं, तर अर्धशिशी समजून घरी थांबू नये, तडक रुग्णालय गाठावं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली आणि लडींवर बंदी घातली. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेले हरित फटाके मुख्यतः धूर कमी करण्यासाठी आहेत, त्यांचाही बार बारच असतो. म्हणून वेळेचं बंधन मला अधिक मोलाचं वाटतं. सोसायटीने गच्ची किंवा मैदानाचा एक कोपरा आणि एक तास ठरवून आधी सगळ्यांना कळवला, तर ज्याला त्रास आहे तो तेवढ्यात जेवून, गोळी जवळ ठेवून, आतल्या खोलीत बसू शकतो.

मुलांकडे मात्र वेगळं लक्ष हवं. त्यांची अर्धशिशी पुष्कळदा दोन्ही बाजूंनी दुखते, लवकर उतरते. काहींचं डोकं दुखतच नाही, पोट दुखतं आणि उलटी होते. आई किंवा वडिलांना त्रास असेल तर मुलालाही होण्याची शक्यता वाढते. अशा मुलाला ‘भित्रा’ म्हणून अंगणात ओढू नये. त्याच्या हाती भुईचक्र द्यावं, फुलबाजी द्यावी, आणि कान झाकून तो घरात पळाला तर त्याच्यामागे कोणी हसत जाऊ नये.