क्षितिज धरून ठेवणारा भोवरा

शिडाच्या छोट्या बोटीतून मोबाइलवर चित्रण करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. हात घट्ट असतो, स्टॅबिलायझेशन सुरू असतं, पुढे गिंबलही, म्हणजे कॅमेरा मोटारींनी सरळ धरणारी दांडी, विकत घेतला. तरी व्हिडिओत क्षितिज मध्येच कलतं आणि सावकाश सरळ होतं, ते का?

हाताची थरथर सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होते. इतकी जलद हालचाल नकोशीच असणार हे फोनला कळतं. तो भिंग उलट दिशेने सरकवतो किंवा चित्राच्या कडा कापून चौकट जागेवर आणतो. बोटीच्या एका हेलकाव्याला मात्र काही सेकंद लागतात. एवढी संथ हालचाल म्हणजे माणूस मुद्दाम कॅमेरा फिरवतोय, असं समजून फोन ती तशीच राहू देतो.

गिंबलची अडचण याहून खोल आहे. त्याच्या मोटारी कॅमेरा आडवा धरतात खऱ्या, पण आडवं म्हणजे नेमकं कसं, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. आतला जायरोस्कोप, म्हणजे सिलिकॉनचा एक कंप पावणारा कण, फक्त वळण्याचा वेग मोजतो. त्या वेगांची बेरीज करत कोन काढायचा, तर बारीक चुकाही साठत जातात. म्हणून गिंबल अधूनमधून ॲक्सेलेरोमीटरला, म्हणजे ओढ आणि धक्के मोजणाऱ्या सेन्सरला, विचारतो, ‘खाली’ कुठे आहे? वळणावरच्या एसटीत बाटलीतलं पाणी तिरपं होतं, तसंच ॲक्सेलेरोमीटरचं होतं. गुरुत्वाकर्षण कुठलं आणि धक्का कुठला, हे त्याला वेगळं सांगता येत नाही. लाटेने बोटीला बाजूला दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद एवढा वेग दिला, तर त्याची ‘खाली’ सुमारे ६ अंशांनी सरकते. चित्रात ६ अंश तिरपा समुद्र लगेच डोळ्यांत खुपतो.

डोलत्या बोटीवर ‘आडवं’ कसं ओळखायचं, हा प्रश्न जुनाच आहे, आणि त्यावर काम केलेला एक विस्मृत माणूस म्हणजे जॉन सर्सन. पाठ्यपुस्तकांत जायरोस्कोपची गोष्ट बहुतेक वेळा फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोपासून, १८५२ पासून, सुरू होते. त्याच्या शतकभर आधी, १७४३ मध्ये, सर्सन या इंग्रजाने याच प्रश्नावर समुद्रावर उत्तर शोधलं होतं. अक्षांश काढायला सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजावी लागे. धुक्यात क्षितिजच दिसेना, तर मोजणार कुठून? सर्सनने धातूचा एक भोवरा केला आणि त्याच्या माथ्यावर आरसा बसवला. भोवरा वेगात फिरला की आरसा आडवा होतो आणि डोलत्या जहाजावरही आडवाच राहतो. यातली खुबी मला फार आवडते. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याला कलायला वेळ लागतो. एका लाटेने इकडे ढकलून तो जेमतेम सरकतो, तोवर पुढची उलट ढकलते. धक्के आपसांतच फिटतात. सर्सनने लाटेशी झुंज दिली नाही, तिला सरासरीत विरू दिलं.

नौदलाला प्रयोग पटला. पुढच्या चाचणीसाठी सर्सन ‘एचएमएस व्हिक्टरी’वर गेला. नेल्सनची प्रसिद्ध व्हिक्टरी वेगळी, ही तिच्या आधीची. ऑक्टोबर १७४४ मध्ये ती इंग्लिश खाडीतल्या वादळात बुडाली, सोबत सर्सनही. पुढे जॉन स्मीटनसारख्या इंजिनिअरने भोवरा सुधारला, पण सर्सनचं नाव मागे पडलं. हा अन्यायच आहे.

लाटेचा धक्का आणि गुरुत्वाकर्षण गिंबलला वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणूनच ‘कोणत्याही परिस्थितीत स्थिर व्हिडिओ’ या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. समुद्रावर जायरोस्कोपवर जास्त वेळ भिस्त ठेवून ॲक्सेलेरोमीटरला क्वचितच विचारायला हवं, म्हणजे सर्सनच्याच वाटेने जायला हवं. चालत्या माणसासाठी जुळवलेल्या उपकरणाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

मग काय करावं? लाइफजॅकेट आणि सेफ्टी लाइन आधी, कॅमेरा नंतर. बोटीच्या मध्यावर, शक्य तितकं खाली बसा, कारण डोलकाठीच्या टोकाला जो झोका मोठा असतो तो तिथे सर्वांत लहान असतो. कंबर सैल ठेवा, कोपरं अंगाशी. झूम टाळा. शटर वेगवान ठेवा. चित्र सरकवून स्थिर करता येतं, पण आधीच उमटलेली पुसट रेघ तशीच राहते. आणि दिशा निवडता येत असेल, तर थेट पाठीमागून वारा घेऊन चित्रण करू नका, तेव्हा बोट सर्वांत जास्त डोलते. वारा बाजूने घेतला की भरलेलं शीड तिला एका कुशीवर दाबून धरतं. ती कलते, पण डोलणं बरंच कमी होतं. स्थिर कलणं नंतर संपादनात सहज सरळ करता येतं.