संगणकातील प्रोसेसर बदलणे : मदरबोर्डाच्या मर्यादा आणि निर्लेखनाचा निर्णय

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य थांबविले आणि महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळांपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, काही अपवाद वगळता, इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचेच प्रोसेसर आहेत. त्यामुळे सुस्थितीतील संगणकांच्याही निर्लेखनाचा विचार करावा लागतो. संपूर्ण संगणकाऐवजी केवळ प्रोसेसर बदलता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रश्नाचे उत्तर प्रोसेसरपेक्षा मदरबोर्डावर अधिक अवलंबून असते. प्रोसेसर मदरबोर्डावर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट जुळले की प्रोसेसर चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती फसवा आहे हे इंटेलच्या एलजीए ११५१ या सॉकेटवरून दिसते. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर ते आले. ११५१ ही त्यातील संपर्कबिंदूंची संख्या होय. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीचे संपर्कबिंदूही ११५१ च होते. तथापि वीजपुरवठ्याच्या बिंदूंची योजना बदलली आणि ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक ठरला. परिणामी १०० किंवा २०० मालिकेच्या मदरबोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण अधिकृतरीत्या चालत नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या संगणकांचा प्रश्न या मार्गाने सुटणारा नाही.

एएमडीने मात्र एएम ४ हे सॉकेट दीर्घकाळ टिकविले. २०१७ मधील पहिले रायझन प्रोसेसर ज्या मदरबोर्डांवर बसविले गेले, त्यांपैकी अनेकांवर २०२२ मधील बायोस सुधारणांनंतर रायझन ५००० मालिकाही चालते. असे संगणक निर्लेखनाच्या यादीत जाणे हा निव्वळ अपव्यय होय. खरेदी करताना नावातील आकड्यावर विसंबू नये. रायझन ५ २४००जी हा २००० मालिकेतील वाटतो; परंतु त्याची अंतर्रचना पहिल्या पिढीची असल्याने तो मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. तसेच रायझन ५ ३६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तो बसविल्यास पडदा कोराच राहतो. तेथे ५६००जी सारखा प्रोसेसर योग्य. मदरबोर्ड उत्पादकाच्या यादीत प्रोसेसरचे नाव आणि त्यास लागणारी बायोसची आवृत्ती, दोन्ही तपासावीत.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. बायोस सुधारणा जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावी लागते, आणि तीही यूपीएसवर. मध्येच वीज गेल्यास मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. डिस्कवर बिटलॉकर कार्यान्वित असल्यास त्याची पुनःप्राप्ती-कळ आधी लिहून घ्यावी. एएमडीच्या संगणकात टीपीएमची सोय बहुधा प्रोसेसरमध्येच असते. प्रोसेसर बदलला की जुनी सुरक्षा-माहिती त्याच्याबरोबर जाते आणि कळ नसेल तर डिस्कवरील माहितीला मुकावे लागते. परीक्षा विभागाच्या संगणकाबाबत ही चूक कोणत्याही काटकसरीपेक्षा महाग पडेल.

प्रत्यक्ष बदल मात्र अर्ध्या तासाचा आहे. एएम ४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे पंख्यासह प्रोसेसर उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून संगणक काही काळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून वीजजोडणी काढावी आणि पंखा हलकेच फिरवत सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. शेवटी बायोसमध्ये टीपीएम सुरू आहे ना, हे पाहावे.

ज्या संगणकांत हा बदल शक्य नाही, त्यांच्यासाठी शैक्षणिक संस्थांना विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा सुधारणा तीन वर्षांपर्यंत घेता येतात; त्यांचा दर प्रति संगणक पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा ठरविण्यात आला. प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांपुरते लिनक्सही पुरेसे ठरते. तेव्हा निर्लेखनाच्या प्रस्तावापूर्वी प्रत्येक संगणकासमोर मदरबोर्ड, चिपसेट आणि बायोसची आवृत्ती नोंदविणारा एक रकाना डेडस्टॉक नोंदवहीत वाढवावा.