सॅम्युएल हॉज : शौर्य, पदक आणि पात्रतेचा नियम

वसाहतकालीन युद्धांतील शौर्यपदकांचा विचार बहुधा वर्णभेदाच्या अंगाने केला जातो. तथापि पदकाची पात्रता केवळ वर्णावर अवलंबून नव्हती, हे सॅम्युएल हॉज यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कॅरिबियन समुद्रातील टॉर्टोला बेटावर जन्मलेले हॉज हे चौथ्या वेस्ट इंडिया रेजिमेंटमधील कृष्णवर्णीय शिपाई होते. ३० जून १८६६ रोजी पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बियात तुबाबेकोलाँग या तटबंदीच्या गावावर ब्रिटिश फौजेने हल्ला केला. गव्हर्नर डार्सी यांच्यासमवेत हॉज यांनी कुऱ्हाडीने लाकडी तट फोडला, आत शिरून दरवाजे उघडले आणि फौजेस वाट करून दिली. त्यात ते गंभीर जखमी झाले. १८६७ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १८६८ मध्ये बेलीझ येथे त्यांचे निधन झाले.

१८५६ मध्ये स्थापन झालेल्या या पदकास हॉज पात्र ठरले, कारण त्यांची रेजिमेंट ब्रिटिश सैन्याचा भाग होती. हिंदी सैन्यातील देशी शिपायांना मात्र ते १९११ पर्यंत खुले नव्हते. त्यांच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये सुरू केलेला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा वेगळा सन्मान होता. १८९७ मध्ये सारागढी येथे लढताना धारातीर्थी पडलेल्या ३६ व्या शीख पलटणीच्या २१ जवानांना तोच देण्यात आला.

सारांश, पदकास पात्र कोण, हे लढाईपूर्वीच सैन्याच्या नियमांनी ठरलेले असे. म्हणूनच पदकविजेत्यांची यादी ही शौर्याची संपूर्ण नोंद मानता येत नाही.