बातमीलेखन : पाहिलेले, ऐकलेले आणि लिहिलेले

इयत्ता दहावीच्या मराठी कुमारभारतीत उपयोजित लेखनाच्या विभागात बातमीलेखनाचा समावेश आहे. माध्यमिक शाळांतील पुष्कळसे विद्यार्थी हा प्रश्न ठरावीक साच्यावर सोडवितात. मथळा, ‘आमच्या वार्ताहराकडून’, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतगीत, आभारप्रदर्शन असा तो साचा असतो. गुण पदरात पडतात. परंतु बातमी म्हणजे काय, हे विद्यार्थ्यास उमगलेले नसते. जो मुलगा पाचवी ते आठवीच्या वर्गांत स्वतः पाहून, चार माणसांस विचारून, पाच सरळ वाक्ये लिहावयास शिकला नाही, त्यास दहावीत साच्यावाचून दुसरा आधार उरत नाही. म्हणून विषय हायस्कूलचा असला, तरी त्याची पायाभरणी जिल्हा परिषदेच्या शाळेत होणे इष्ट होय.

या शिक्षणाची निकड

बातमीलेखन हा केवळ परीक्षेचा विषय नव्हे. दिनांक १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस मारहाण करून ठार केले. मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याची अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून त्या सुमारास सर्वत्र पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या या माणसांचा मुले पळविण्याशी काहीही संबंध नव्हता. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यात मालेगाव येथेही अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबाची पोलिसांनी सुटका केली.

हे संदेश पुढे धाडणारे लोक निरक्षर नव्हते. त्यांस वाचता येत होते आणि लिहिताही येत होते. ‘हे कोणी पाहिले? कोठे? केव्हा?’ असे विचारण्याची सवय मात्र त्यांच्या अंगी बाणलेली नव्हती. ती सवय लावण्याचे साधन म्हणून बातमीलेखनाकडे पाहावे.

बातमी कशास म्हणावे?

घडलेली प्रत्येक गोष्ट बातमी होत नाही. देवळाली कॅम्प येथील स्कूल ऑफ आर्टिलरी हे भारतीय तोफखान्याचे शिक्षणकेंद्र आहे. आसपासच्या खेड्यांतील मुलांस सरावाच्या तोफांचा आवाज नवा नाही. ‘काल तोफा वाजल्या’ असे त्यांनी लिहिले, तर गावातल्या वाचकास त्यातून काही अधिक कळत नाही. परंतु अमुक तारखांस, अमुक वेळेत, अमुक शिवारालगत गोळीबाराचा सराव होणार आहे, अशी सूचना गावात आली, तर गुरे चारणाऱ्यास आणि गवत कापावयास जाणाऱ्या बाईस ती अत्यंत महत्त्वाची बातमी होय.

या उदाहरणावरून तीन कसोट्या मुलांकडूनच काढवून घ्याव्यात. पहिली, मजकूर वाचणाऱ्यास नवा असावा. दुसरी, त्याच्याशी वाचणाऱ्याचा काही संबंध असावा. तिसरी, तो खरा की खोटा हे ताडून पाहता यावे. या कसोट्यांवर उतरणारे विषय गावात विपुल असतात. नळाच्या वेळेत झालेला बदल, बंद पडलेली एस. टी.ची फेरी, लसीकरणाचा दिवस, शाळेच्या विहिरीची घटलेली पातळी, हे सारे बातमीचेच विषय होत. मोठ्या घटनेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

एक पाठ : दारणाकाठचा बिबट्या

देवळालीच्या परिसरात दारणा नदीच्या काठी उसाचे मळे आहेत आणि त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. त्यामुळे ‘बिबट्या आला’ हे वाक्य तेथील मुलांच्या ओळखीचे आहे. कधी ते खरे असते. कधी कुत्र्याची सावली पाहूनही ते उच्चारले जाते. आता तर बिबट्याचे खोटे चित्र संगणकाच्या साह्याने क्षणात तयार करता येते. अशा ठिकाणी सातवीच्या वर्गातील एखाद्या मुलाने पुढीलप्रमाणे लिहिले, असे समजावे :

‘काल आमच्या गावात खूप मोठा बिबट्या आला. सगळे लोक घाबरले. त्याने एक वासरू खाल्ले. वनखाते काहीच करत नाही.’

शिक्षकाने ही चार वाक्ये फळ्यावर लिहावीत व तांबड्या खडूने एकदम खोडू नयेत. प्रत्येक वाक्याखाली प्रश्न लिहावेत. बिबट्या कोणी पाहिला? लिहिणाऱ्याने स्वतः पाहिला असेल, तर किती अंतरावरून आणि किती वाजता? ‘खूप मोठा’ म्हणजे केवढा? ‘सगळे लोक’ म्हणजे किती जण, आणि त्यांतील कितींस विचारले? वासरू खाताना कोणी पाहिले, की सकाळी ते मेलेले आढळले? चौथे वाक्य हे मत आहे. ते लिहिण्यापूर्वी वनखात्याच्या माणसास काही विचारले होते काय?

त्यानंतर वर्गाने प्रत्येक माहितीपुढे तीनपैकी एक शब्द लिहावा : ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘वाटले’. सर्व पाठाचे सार या तीन शब्दांत आहे. पाहिलेले सरळ लिहावे. ऐकलेले लिहावयाचे असल्यास कोणाकडून ऐकले ते सांगून लिहावे. वाटलेले बातमीतून काढून टाकावे. त्यासाठी निबंध आणि संपादकाला पत्र हे प्रकार आहेत. ‘असे म्हणतात’, ‘अशी चर्चा आहे’, ‘असे समजते’ या वाक्प्रयोगांस थारा देऊ नये. कारण ‘कोण म्हणतो?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते.

चौकशी पूर्ण झाल्यावर तीच बातमी पुढीलप्रमाणे होईल :

‘मळ्यात वासरू मृत, बिबट्याचा संशय
देवळाली कॅम्प, ता. १२ : दारणाकाठच्या एका मळ्यात मंगळवारी सकाळी गोठ्यातील वासरू मृत आढळले. उसाच्या कडेला पंजाचे ठसे दिसले, असे मळ्याच्या मालकांनी सांगितले. ठसे बिबट्याचेच आहेत काय, हे पाहणीनंतर सांगता येईल, असे वनरक्षकांनी सांगितले. अंधार पडल्यावर मुलांनी एकटे बाहेर पडू नये, अशी सूचना ग्रामपंचायतीने दिली आहे.’

दुसऱ्या मजकुरात थरार कमी आहे. परंतु आईने मुलास सायंकाळी बाहेर सोडावे की नाही, याचा निर्णय तिला त्यावरून घेता येतो. हा फरक मुलांच्या मुखातून वदवून घ्यावा.

रचना

कोण, काय, केव्हा, कोठे, का आणि कसे, या सहा प्रश्नांची उत्तरे बातमीत असावीत. त्यांतील पहिल्या चारांची उत्तरे आरंभीच्या एकदोन वाक्यांत यावीत. ‘का’ या प्रश्नाची घाई करू नये. अपघात, आग किंवा मृत्यू यांचे कारण पुष्कळदा चौकशीअंतीच कळते. तोवर ‘कारण अद्याप कळलेले नाही’ असे लिहिणे हा कमीपणा नव्हे.

गोष्टीचा शेवट शेवटी येतो, बातमीचा मात्र आधी येतो. सर्वांत महत्त्वाचे प्रथम आणि कमी महत्त्वाचे नंतर, अशी तिची मांडणी असते. त्यामुळे जागा कमी पडल्यास खालचे वाक्य गाळले, तरी बातमी उभी राहते. मुलांनी लिहिलेल्या बातमीचे शेवटचे वाक्य झाकून पाहावे. त्याविना बातमी अपुरी वाटली, तर ते वाक्य वर न्यावे. मथळा सर्वांत शेवटी लिहवून घ्यावा आणि बातमीत नाही ते मथळ्यात येऊ देऊ नये. वरील मथळ्यातील ‘संशय’ हा शब्द याच कारणास्तव आवश्यक आहे.

आकड्यांविषयीही दक्षता शिकवावी. ‘कांदा कोसळला’ एवढ्याने शेतकऱ्यास काही कळत नाही. बाजार समित्या किमान, कमाल व सरासरी असे तीन भाव जाहीर करतात. लासलगावचा कालचा आणि आजचा सरासरी भाव क्विंटलमागे किती, हे शेजारीशेजारी लिहिले म्हणजे मजकुरास अर्थ येतो, आणि गणिताचा पाठही सहज साधतो.

भित्तिपत्रक

लिहिलेले वाचले जाते, याची खात्री पटल्यावाचून मुले काळजीने लिहीत नाहीत. यासाठी छापखान्याची गरज नाही. मोठा कागद आणि व्हरांड्यातील भिंत पुरेशी आहे. मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर पुढे १८३४ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये अध्यापक झाले. त्या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारच्या स्तंभांत छापला जाई. देवळालीसारख्या छावणीच्या गावी अन्य भाषा बोलणारी मुले वर्गात असतात. सुरगाणा, पेठ या तालुक्यांत कोकणा बोलणारी असतात. तेथे मुख्य बातमी मुलांच्या घरच्या भाषेतही दुसऱ्या स्तंभात लिहवावी.

आठवड्यातील एक तासिका या कामास पुरते. वर्गाचे चार गट करून एकाने माहिती जमवावी, दुसऱ्याने ती ताडून पाहावी, तिसऱ्याने लिहावे व चौथ्याने सुवाच्य अक्षरात उतरवावे. दर आठवड्यास गटांची कामे बदलावीत. ताडून पाहणाऱ्या गटास बातमी अडविण्याचा अधिकार असावा आणि तो शिक्षकानेही मान्य करावा.

पाळावयाची पथ्ये

कोणाच्या घरातील भांडण, आजार, कर्ज किंवा नापास होणे हे भित्तिपत्रकाचे विषय नव्हेत. अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने मनाई आहे; नाव, छायाचित्र, पत्ता, शाळा यांपैकी काहीही देता येत नाही. बिबट्या, पूर, अपघात अशा ठिकाणी मुलांस माहिती गोळा करण्यासाठी कदापि पाठवू नये; त्यांनी शाळेत राहून, संबंधितांस शिक्षकांसमवेत विचारून लिहावे. ग्रामपंचायतीविषयी किंवा खुद्द शाळेविषयी प्रतिकूल पण खरी बातमी आल्यास ती दडपू नये. संबंधितांचे म्हणणे विचारावे आणि तेही सोबत लिहावे.

पत्रकाच्या तळाशी ‘दुरुस्ती’ या नावाचा एक चौकोन कायम राखावा. मागील अंकात नाव, तारीख किंवा आकडा चुकला असल्यास त्यात तो स्पष्ट शब्दांत सुधारावा. चूक दाखवून देणाऱ्या गावकऱ्याचे किंवा विद्यार्थ्याचे आभार तेथेच मानावेत व चुकणाऱ्याचे नाव देऊ नये. पहिल्या काही अंकांत हा चौकोन भरलेला राहील. त्याने शिक्षकांनी खट्टू होऊ नये. गावातील माणसे पत्रक वाचतात आणि मुलेही आपले लिहिणे पुन्हा ताडून पाहतात, एवढे त्यावरून निश्चित कळेल.