कडेची ताटं

सॅम्पलिंग शिकवताना व्हेरिअन्सची सूत्रं मुलं भराभर उतरवून घेतात. बायस मात्र त्यांच्या गळी उतरत नाही. म्हणून पीककापणी प्रयोगाचं, म्हणजे आखलेल्या प्लॉटमधलं पीक कापून शेताच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्याचं, प्रॅक्टिकल मी ज्वारीच्या वावरात घेतो. सुतळी, चार खुंट्या, मोजपट्टी, विळा, एवढंच सामान.

रँडम नंबर टेबलातून प्लॉटचा कोपरा ठरवणं सोपं. गंमत सुतळी ताणल्यावर सुरू होते. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर? नियम साधा आहे, बुंधा आत तर ताट आत. पण बुंधा नेमका सुतळीखाली असतो आणि कणीस टपोरं भरलेलं. विळा धरणारा बहुधा ‘आत’च म्हणतो. त्यात लबाडी नसते, म्हणूनच ही चूक पकडणं अवघड.

मग बांधावर बसून हिशेब. एक मीटरचा चौकोन चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर वाढला, तर क्षेत्र 21 टक्क्यांनी वाढतं. पाच मीटरचा चौकोन तेवढाच वाढला, तर जेमतेम 4 टक्क्यांनी. ‘‘सर, पण सरासरीत जाईल की निघून,’’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. नाही जात. प्लॉट शंभरपट घेतले तर प्रमाण त्रुटी एक दशांश होईल. हे 21 टक्के जागचे हलणार नाहीत, कारण सगळे एकाच बाजूला चुकताहेत.

याच मुद्द्यावर 1940च्या दशकात मोठा वाद झाला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तेव्हा कृषी संशोधन परिषदेत होते. लहान प्लॉट उत्पन्न फुगवून दाखवतात, हे त्यांनी प्रत्यक्ष शेतांतल्या तुलनेवरून दाखवलं आणि 1946 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. समोर होते लहान प्लॉटचे पुरस्कर्ते महालनोबिस. मला त्यांची बाजूही कच्ची वाटत नाही. लहान प्लॉट लवकर कापून होतो, त्याच पैशात जास्त शेतं बघता येतात, आणि माणसं तयार असली तर कड सांभाळता येते. पण तयार माणसं जिल्ह्याजिल्ह्यात आणायची कुठून?

माझं संशोधन याच कडेवर घुटमळतं. संगणकावर शेतं पेरायची, कडेचं ताट आत ओढलं जाण्याची शक्यता कमीजास्त करायची आणि अंदाज किती ढळतो ते बघायचं. एका परीक्षकाने विचारलं, ही शक्यता आणली कुठून? प्रश्न रास्त होता. तेव्हापासून प्रॅक्टिकलच्या जर्नलात दोन रकाने वाढलेत: कडेवर ताटं किती, आणि त्यातली आत धरली किती.