भाड्यातून हप्ता फिटतो का?

गाठीला बारा लाख रुपये आहेत, डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे. आता एक छोटा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा, असे पुष्कळांच्या मनात येते. ‘हप्ता भाड्यातून आपोआप फिटेल’ असे सांगायला मेहुण्यापासून एजंटापर्यंत सगळे तयार असतात. त्यांचे ऐका, पण आधी कागद-पेन्सिल घ्या.

समजा, पुण्यात ४० लाखांचा फ्लॅट पसंत पडला. कर्ज ३० लाखांच्या वर गेले की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळते. म्हणजे कर्ज ३२ लाख, पदरचे ८ लाख. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. ७ टक्क्यांनी शुल्क २ लाख ८० हजार, नोंदणीचे ३० हजार. एकूण ११ लाख १० हजार गेले. साडेआठ टक्के व्याज धरले तर वीस वर्षांचा हप्ता सुमारे २७,८०० रुपये. भाडे १३ हजार धरू. उरलेले पंधराएक हजार दरमहा पगारातून! नव्या कररचनेत घरभाड्यातला हा तोटा पगारातून वजाही करता येत नाही.

आता दुसरा हिशेब. जुन्या सोसायटीतली २५ लाखांची वन रूम किचन. पदरचे १० लाख, कर्ज १५ लाख, शुल्क-नोंदणीचे २ लाख. हप्ता १३ हजार, भाडे ९ हजार. खड्डा चारच हजारांचा. लिफ्ट नसेल, जिना अंधारा असेल. मला तरी हाच सौदा बरा वाटतो. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावे असेल तर शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे २५ हजार वाचतात. (पैसे नवऱ्याचे असतील तर भाडे मात्र त्याच्याच उत्पन्नात धरले जाते.) इमारत फार जुनी असेल तर बँका कर्ज द्यायला कुरकुरतात, म्हणून इसार देण्यापूर्वी कागद बँकेला दाखवावेत.

बांधकाम चालू असलेली जागा स्वस्त दिसते, पण ताबा मिळेपर्यंत भाडे नाही आणि व्याज मात्र सुरू. शिवाय जीएसटी.

घर घेतल्यावरही खर्च आहेतच. महापालिकेचा कर, सोसायटीचा देखभाल खर्च, आणि भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत जादा आकार घेऊ शकते. एक भाडेकरू गेला आणि दुसरा मिळेपर्यंत दोन महिने घर रिकामे राहिले, तर पूर्ण हप्ता आपल्याच खिशातून. तेव्हा सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवूनच घराची किंमत ठरवावी. आणि करार तोंडी नको. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.