दिंडीचा दिवस : पुणे ते सासवड

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरकडे निघालेला लाखोंचा समुदाय ठरल्या वेळी ठरल्या मुक्कामी कसा पोहोचतो, या प्रश्नाला ‘भक्तीमुळे’ असे उत्तर देण्याची सवय मराठी लेखनाला जडली आहे. परंतु भक्तीने माणूस चालायला लागतो, रांगेत चालतो असे नाही, आणि म्हणून वारीच्या एका दिवसाची रचना तपासणे अधिक उद्बोधक ठरते. त्यासाठी पुणे ते सासवड ही मजल सोयीची आहे, कारण सोहळ्यातील ही सर्वांत मोठी मजल बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीला, म्हणजे उपवासाच्या दिवशीच येते.

आजच्या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी बसवली. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे वारीची शिस्त लष्करी वळणाची आहे असे सांगितले जाते, आणि पहाटेचे कर्णे ऐकले की ते पटते : पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला सिद्धता, तिसऱ्याला प्रस्थान. मात्र छावणीत हुकूम वरून येतो, तर येथे व्यवहाराचे एकक दिंडी हे असते. दिंडी म्हणजे एका फडाच्या, म्हणजे एका गुरुपरंपरेतील वारकरी मंडळाच्या, किंवा गावाच्या वारकऱ्यांचा स्वतंत्र गट; तिला पालखीच्या रथापुढचा किंवा रथामागचा क्रमांक असतो, आणि ‘भिशी’ म्हणजे ठरावीक वर्गणी भरून तिच्यातील माणसांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय होते. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंगी व विणेकरी, मागे तुळस आणि पाण्याची कळशी डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, हा क्रम गर्दीतही सहसा मोडत नाही.

भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरातून पालखी निघाल्यावर दिंड्यांत भजन चालू होते, आणि ते मनास येईल तसे नसते : भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग आणि दिवस कलल्यावर हरिपाठ असा अनुक्रम ठरलेला असल्यामुळे जुन्या वारकऱ्याला घड्याळाची गरज भासत नाही. पुण्यातूनच निघालेली तुकाराम महाराजांची पालखी हडपसरला लोणी काळभोरच्या वाटेला लागते, आणि ज्ञानेश्वरांची वडकीवरून दिवे घाटाच्या पायथ्याशी येते. चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, खाली मस्तानी तलाव दिसतो, आणि छायाचित्रकारांची झुंबड उडते ती येथेच. वर्तमानपत्रांतली वारी प्रायः या घाटापुरतीच असते. सामानाचे ट्रक केव्हाच पुढे गेलेले असतात. राहुट्या उभारणारे, पाण्याचे टँकर गाठणारे, शेकडो माणसांची साबुदाण्याची खिचडी शिजवणारे हात त्या चित्रांत येत नाहीत.

मुक्कामी पोहोचल्यावरची समाजआरती हा या दिवसाचा खरा गाभा म्हणावा लागेल. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहून टाळ वाजवीत असतात. चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त सांभाळणारा मानकरी, आपला दंड उंचावतो आणि क्षणात शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते, तेव्हा तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. मग हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात, आणि आरती त्यानंतर. भजनाचेच साधन निषेधासाठी वापरण्याची ही मुभा परंपरेनेच दिलेली आहे, आणि वारीची घडी आज्ञेपेक्षा अशा मुभांवर अधिक टिकली आहे, असे मानण्यास जागा आहे.

तरीही प्रत्येक गाऱ्हाणे टाळातून उमटतेच असे नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात, एकत्र भजन करीत चालणारे वारकरी जेवायला मात्र जातवार वेगळे बसत, हे वेदनेने नोंदवले आहे. पंगतीची ही विभागणी दिंडीच्या अंतर्गत व्यवस्थेचाच भाग होती, आणि म्हणूनच ती चोपदारापुढे तक्रार म्हणून येण्याचा संभव फारसा नव्हता.